शिशाचा गोळा

काल रात्री साडेआठला कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉपचं शटर ओढतच होतो, तेवढ्यात व्हँकुव्हरवरनं आतेभावाचा व्हिडिओ कॉल. तिकडं सकाळचे आठ. गडी सामन मासे धरायला मित्राच्या बोटीवर.

"दादा, डाउनरिगर धक्के खातंय बघ."

डाउनरिगर म्हणजे विंचवर गुंडाळलेली तार, टोकाला ४-५ किलोचा शिशाचा गोळा. गळाची दोरी चिमट्यानं त्याच्याजवळ अडकवायची, गोळा खोल सोडायचा, बोट सावकाश चालवायची. मासा लागला की चिमटा सुटतो, पुढची झटापट नुसत्या रॉडवर. आम्ही आपली रंकाळ्यावर कणकेची गोळी लावून बसणारी माणसं!

बऱ्याच बोटींवर हे १२ व्होल्टच्या मोटरवर चालतं. ह्याचं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. मासे मला कळत नाहीत, पण हायड्रॉलिक म्हटल्यावर मी शटर परत वर केलं.

"टाकीचं झाकण उघड. तेल दाखव." तेलावर नुसता फेस. पंपाचा आवाजही किरकिरा. म्हटलं, भावा, पंप हवा ओढतोय. सक्शनच्या, म्हणजे टाकीतनं तेल ओढणाऱ्या पाइपाचा क्लँप बघ. आणि आधी पंप बंद कर, मगच हात घाल.

क्लँप बोटानं फिरत होता.

आवळला, फेस बसेपर्यंत थांबला, मग गोळा लोण्यासारखा वर आला. मासा मात्र अजून नाही. मजुरी म्हणून फोटो मागितलाय.