आमची वाटचाल : पहाटे पाचचा हिशोब

बीडमध्ये मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा भांडवल म्हणजे एक जुनी मारुती ८००, तिला बसवलेले दुहेरी क्लच-ब्रेक आणि भाड्याचा गाळा. गिऱ्हाईक यायचं ते "लायसन काढून द्या" म्हणत. "गाडी शिकवा" म्हणणारा विरळा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे हलक्या वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर १० तास. एवढं सांगितलं की निम्मे लोक एजंटाकडे वळायचे. वळू दिले. (त्यातले काही पुढे परत आले, बायकोला शिकवायला घेऊन.)

दुसरी गाडी कर्जावर घेतली, महिला प्रशिक्षक ठेवली, तेव्हा कुठे गाळ्याचं भाडं खिशातून भरायचं थांबलं.

आमचा खरा विषय, दारू आणि गाडी, आम्हाला ऊसतोडीच्या ड्रायव्हरांमुळे सापडला. हंगामाच्या तोंडावर मुकादम, ट्रॅक्टरमालक पोरं घेऊन यायला लागले. काम रात्रीच्या खेपांचं, मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर असला तर असला. अंग मोडून आलं की क्वार्टर. आम्ही गियर आणि रिव्हर्स शिकवत होतो आणि ही पोरं चहाच्या टपरीवर "आपल्याला चढतच नाही" म्हणून पैजा लावत होती.

मग फळ्यावर हिशोब मांडायला सुरुवात केली. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. समजा रात्री बाराला बैठक उठली आणि रक्तात १५० आहे. यकृत तासाला साधारण १५ ते २० कमी करतं. पहाटे पाचला ट्रॅक्टर चालू केला, तर उरले किती? वर्गातला कोणीतरी वजाबाकी करतो : ५० ते ७५. म्हणजे झोप काढून, तोंड धुऊन, चहा घेऊन बसलेला माणूसही कायद्याने दारू पिऊन गाडी चालवतोय. लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कडक कॉफी, कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. इथे वर्ग गप्प होतो. रात्रीची नाकाबंदी सगळ्यांना माहीत असते. सकाळचं कोणाच्या डोक्यातच नसतं.

दंडाची भीती घालून फार साधत नाही, असं माझं मत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ड्रायव्हर म्हणतो, मालक भरेल. म्हणून मालकांनाच वर्गात बसवतो. ड्रायव्हर प्यालेला निघाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारते. समोरच्याची भरपाई कोर्ट कंपनीला आधी द्यायला लावू शकतं, पण ती मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. ट्रॅक्टरचे हप्ते चालू, त्यात ही वसुली, म्हणजे रान विकायची पाळी. हे ऐकल्यावर मालक वही काढतात.

समोरच्याच्या घराचा हिशोब त्याहून वाईट. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, रोजची साडेचारशेच्या वर. त्यातला प्रत्येक अपघात दारूचा नव्हता, पण दारूचा वाटा टाळता येणारा आहे. जो वाचतो त्याला संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, हलवतात. भाड्याची गाडी, नातेवाइकांचा मुक्काम, बुडालेली मजुरी, म्हशी दुसऱ्याच्या दावणीला, पोरीची शाळा बंद. यातला बराच खर्च भरपाईच्या अर्जात लिहायला जागाच नसते.

महिलांच्या बॅचला आता वर्षभर मागणी असते. गेवराईकडच्या एका ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "लग्नाहून परत येताना ह्यांच्या हातात चावी द्यायची नाही, एवढंच शिकवा." त्यांना रात्रीची गाडी आणि घाटातला उतार जास्त दिला. मांजरसुंब्याचा घाट उतरताना दुसऱ्या गियरवर राहायचं हे त्या आता नवऱ्याला सांगतात म्हणे.

दसऱ्याआधी ट्रॅक्टर ड्रायव्हरांचा हा वर्ग आम्ही बिनफी घेतो. यंदा एका मुकादमाने अडवलं : "वर्ग फुकट आहे हो, पण पोराच्या दिवसाच्या हजेरीचं काय?" निम्मी हजेरी मालकाने, निम्मी आम्ही, असा तोडगा मांडलाय. दोन मालक तयार आहेत, बाकीचे कारखान्याची उचल मिळाली की बघू म्हणतात.