मधले दार

रविवार, रात्री साडेदहा

या घरात येऊन आज तेवीस दिवस झाले. निम्मे सामान अजून पोत्यांत आणि खोक्यांत आहे, धाकट्याचा एक बूट सापडलेला नाही, शाळेची वह्यापुस्तके माजघरातल्या कोनाड्यात रचून ठेवली आहेत. पण मधले दार आज बसले, म्हणून वही उघडली.

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतले हे घर वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे असावे. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतल्या ठेंगण्या दारातून दोन पायऱ्या उतरल्या की परड्यातला लांबट, पत्र्याचा गोठा. आम्ही घर घेतले ते खरे म्हणजे या गोठ्यासाठी. मी फौंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यासाठी, लाकडी पॅटर्न करतो. जो भाग बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतायचा असतो त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती आधी करावी लागते. ती वाळूत दाबून काढून घेतली की उरलेल्या पोकळीत रस ओततात. मोठ्या फौंड्र्या शिरोली आणि गोकुळ शिरगावकडे गेल्या आणि त्यांची बरीच कामे आता ॲल्युमिनियमच्या, यंत्रावर कापलेल्या पॅटर्नवर होतात, तरी पाच-पंचवीस नगांच्या ऑर्डरीसाठी लाकूडच परवडते आणि माझे घर त्यावर चालते. नऊ वर्षे उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात काढली. गाळ्याचे भाडे वेगळे, फ्लॅटचे वेगळे, आणि थोरली उठायच्या आत मी बाहेर पडलेला असे. नदीकडच्या अंगाला याहून मोठे घर कमी पैशांत मिळत होते. परंतु २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत त्या गल्लीत पाणी शिरले होते, आणि सागवानाचा पॅटर्न एकदा भिजून फुगला की त्याचे माप कायमचे जाते. पंचगंगेचे पाणी ३९ फुटांना इशारा पातळीवर आणि ४३ फुटांना धोका पातळीवर येते, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही पाठ असतात. ते रोज मोजत बसण्यापेक्षा लहान घर बरे, असे आम्ही दोघांनीही ठरवले.

गोठ्याने मात्र मला चांगलेच शिकवले. घराच्या जुन्या मालकीण आजींच्या म्हशी एके काळी इथूनच गंगावेशीतल्या कट्ट्यावर जात, जिथे आजही दूध समोर पिळून फेसासकट पेल्यात देतात. म्हशी जाऊन बरीच वर्षे झाली, गोठा धुऊन-घासून कोरडा दिसत होता. पहिला वळीव पडला त्या रात्री फरशीच्या सांध्यांतून असा वास उठला की जणू चार म्हशी आतच बांधल्या आहेत. थोरलीला तो फार आवडला. ती अंधारात म्हशी शोधत होती. मला त्याहून जाचला तो फरशीचा ढाळ. मूत्र वाहून जावे म्हणून कोणा जुन्या गवंड्याने भिंतीपासून मोरीकडे सलग ढाळ दिलेला आहे, आणि तो इतका चोख की बाक कुठेही ठेवला तरी लेव्हलचा बुडबुडा एका बाजूला पळतो. बाकाच्या चार पायांखाली चार वेगवेगळ्या जाडीच्या पाचरी घालण्यात एक अख्खा दिवस गेला. दगडी गव्हाण फोडून टाकावी असे पहिल्या दिवशी वाटले होते. आता तिच्यात सागवानाच्या फळ्या उभ्या रचल्या आहेत आणि फळ्या ठेवायला याहून चांगला घोडा मला विकत मिळाला नसता.

भिंती भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या, दोन फूट रुंद. खिळा ठोकला की माती गळते, पण भर दुपारी आत गारवा असतो. कोणी तरी मध्यंतरी आतून सिमेंटचा गिलावा केला आहे, तो जमिनीपासून कमरेपर्यंत फुगला आहे. मातीच्या भिंतीत मुरलेली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही आणि शेवटी गिलाव्यालाच ढकलून देते. पावसाळ्यानंतर तो खरवडून चुन्याचा करायचा आहे. शाकारणी झाली, विजेच्या स्वतंत्र मीटरचा अर्ज दिला, दूध उतू घालवून आईने अंबाबाईची ओटी भरून आणली. हे सगळे ज्याच्या त्याच्या वेळी पार पडले.

अडले ते मधल्या दाराशी. जुने दार वाळवीने पोखरलेले होते, ते पहिल्या आठवड्यातच काढले, आणि स्वयंपाकघर व गोठा एक झाले. रंध्याचा भुसा जाड असतो, तो झाडून निघतो; पॉलिशपेपरने घासताना उडणारी सागवानाची पूड तशी नसते, ती पिठासारखी हवेत राहते आणि संध्याकाळी ताकावर तिची साय दिसते. पत्नी म्हणाली, "अहो, ते दार विटा घालून बुजवा. तुम्ही बोळातून फिरून या." तिचे काहीच चुकत नव्हते. बँडसॉचे, म्हणजे यंत्रकरवतीचे, पाते उघडे असते आणि धाकटा अडीच वर्षांचा आहे. पण बोळातूनच जायचे-यायचे असेल, तर हा गोठा आणि उद्यमनगरातला गाळा यांत फरक काय, असे मला वाटत राहिले. दोन दिवस आम्ही दोघे त्या विषयाला बगल देऊन फक्त गॅस, पाणी आणि शाळेचा गणवेश यांवर बोललो. तोड आईने सुचवली: तिच्या माहेरी गोठ्याला दोन झडपांचे दार होते, खालची झडप लावलेली आणि वरची उघडी, म्हणजे वासरू आत येत नसे आणि माणसाला माणूस दिसत असे. यंत्र चालू असेल तेव्हा दोन्ही झडपा बंद, हातकाम असेल तेव्हा वरची उघडी, अशी अट पत्नीने घातली आणि मी मान्य केली.

काल रात्री झडपा कापल्या. चौकट १६५० मिलिमीटर उंच, ७६० रुंद. खालची झडप ९०० ची, वरची ७५० ची. आज सकाळी बिजागऱ्या लावायला घेतल्या, तर दार चौकटीत शिरेना. उंचीला साडेसोळा मिलिमीटर जास्त, रुंदीला साडेसातच्या किंचित वर. सुताराच्या हातून एवढी चूक होत नाही, आणि झाली तरी इतकी प्रमाणशीर होत नाही. मग ध्यानात आले. बीड थंड होताना शेकडा एक या हिशेबाने आकसते, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, आणि आमच्या श्रिंकेजच्या पट्टीवरचा मीटर मुळातच १०१० मिलिमीटरचा असतो. चौकट मोजली साध्या टेपने आणि लाकूड आखले त्या पट्टीने. नऊ वर्षांत हात तिच्याकडेच जातो. हे मी पत्नीला मोठ्या गांभीर्याने समजावून सांगितले. तिने कणकेचे हात तसेच ठेवून ऐकून घेतले आणि विचारले, "मग दार भट्टीत ओतणार होता काय तुम्ही?"

दुपारभर रंधा मारला. सागवान चांगले सुकलेले होते, छिलका कागदासारखा सलग निघत होता, आणि थोरलीने त्याच्या बांगड्या करून दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. दिवेलागणीला दोन्ही झडपा बसल्या. खालच्या झडपेची कडी गोठ्याच्या बाजूने लावली, म्हणजे मुलांचा हात पोहोचणार नाही. थोरली स्वयंपाकघरातून हनुवटी टेकवून उभी राहिली आणि कोअर बॉक्सला, म्हणजे आतल्या पोकळीसाठी लागणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या साच्याला, मी पटाशी लावताना एक शब्दही न बोलता पाहत राहिली. धाकट्याला वरून दिसेना. तो थोडा वेळ झडपेवर थापा मारत राहिला, मग गप्प झाला, आणि काही वेळाने फरशीवरून काही तरी ओढत आणल्याचा आवाज आला. मी वर पाहिले, तर तो जेवणाच्या पाटावर उभा राहून झडपेवरून डोकावत होता, आणि दुसरा पाट आणायला त्याने बहिणीला पाठवले होते.