‘आर्थिक गैरव्यवहार’ हे दोन शब्द

मे महिन्यातील त्या मंगळवारी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी होती, त्यामुळे नागपूरच्या धरमपेठेतील कार्यालयात बसून तुंबलेल्या फायली हातावेगळ्या कराव्यात, असा माझा बेत होता. साडेअकराच्या सुमारास नंदनवनमध्ये किराणा दुकान चालवणारे एक गृहस्थ आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. (अशिलाची ओळख पटू नये म्हणून व्यवसाय, वस्ती आणि काही आकडे मी बदलले आहेत, कायद्याचा भाग जसाच्या तसा आहे.) मुलगा वऱ्हाडी बोलीत विनोदी चित्रफिती करत असे. पडद्यावर नऊवारीतली, हातात तपकिरीची डबी घेतलेली एक रेखाटलेली आजी दिसायची. तिचा आवाज, तिच्या म्हणी आणि सुनांना मारलेले टोमणे या मुलाचे असायचे. त्याचा चेहरा प्रेक्षकांनी कधी पाहिलेला नव्हता.

मुंबईतील ज्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता, तिने त्या दिवशी सकाळी साडेदहाला आपल्या अधिकृत पानावर एक निवेदन टाकले होते. ‘कराराचा भंग व आर्थिक गैरव्यवहार निदर्शनास आल्यामुळे’ त्याच्याशी असलेला करार तत्काळ संपुष्टात आणल्याचे त्यात म्हटले होते. मुलाला ही बातमी एका प्रेक्षकाच्या संदेशातून समजली. करार संपल्याची ईमेल कंपनीने वीस मिनिटे आधी पाठवली होती खरी, पण ती ज्या पत्त्यावर पाठवली, त्याचा पासवर्ड कंपनीनेच आदल्या रात्री बदलला होता.

“मॅडम, मी आज रात्री नऊला लाइव्ह जातो अन् सगळं सांगून टाकतो,” हे त्याचे पहिले वाक्य. मी त्याला पाणी दिले आणि कराराची प्रत मागितली. ती वडिलांनी आणली होती. दुकानाच्या उधारीच्या वहीत घडी घालून ठेवलेली, एकवीस पानांची, बहुधा कोणीही पूर्ण न वाचलेली.

वडिलांचा प्रश्न साधा होता: तीन वर्षांचा करार असताना मधेच कसे काढता येते? याचे उत्तर त्यांना आवडणारे नव्हते. करारात तीस दिवसांची नोटीस देऊन, कोणतेही कारण न सांगता, दोन्ही बाजूंना करार संपवण्याची मुभा होती. असा करार, आणि तोही व्यक्तीच्या स्वतःच्या कौशल्यावर उभा असलेला, न्यायालय बळजबरीने चालू ठेवायला लावत नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम १४ त्याच्या आड येते. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइल आणि अमृतसरच्या एका गॅस वितरकाच्या वादात हेच ठरवले होते: संपुष्टात आणण्याची कृती चुकीची असली, तरी करारात तीस दिवसांची नोटीस असेल तर भरपाई त्या तीस दिवसांचीच. म्हणजे नोकरी गेल्याच्या रागाने घातलेला सर्वात मोठा दावा एका महिन्याच्या उत्पन्नावर येऊन थांबला असता.

गंमत अशी, की कंपनीचीही घोडचूक याच ठिकाणी होती. तीस दिवसांची कोरडी नोटीस दिली असती, तर तिला एका शब्दाचेही स्पष्टीकरण द्यावे लागले नसते. गैरवर्तनाचे कारण सांगून ताबडतोब काढायचे असेल, तर आधी सात दिवसांत खुलासा मागवण्याची अट तिने स्वतःच्याच करारात घातली होती, आणि तो खुलासा कधी मागितलाच नव्हता. त्यावर कडी म्हणजे, जे कारण सिद्ध करण्याची गरजच नव्हती, ते तिने जगजाहीर केले.

यानंतर मी वडिलांना खालच्या टपरीवर चहा घ्यायला पाठवले आणि मुलाला विचारले, “पैशाचं नेमकं काय झालं?” बाप समोर असताना पोरगा खरे सांगत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. बराच वेळ त्याने मान खाली घातली. मग कळले, की इतवारीतील एका साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला त्याने पडद्यामागून आजीच्या आवाजात घोषणा केल्या होत्या आणि रोख बारा हजार रुपये घेतले होते. करारानुसार असे प्रत्येक काम कंपनीमार्फत व्हायला हवे होते आणि त्यातला चाळीस टक्के वाटा कंपनीचा होता.

म्हणजे कराराचा भंग झाला होता, हे खरे. पण चार हजार आठशे रुपयांचा वाटा न देणे म्हणजे ‘आर्थिक गैरव्यवहार’ का? हे दोन शब्द वाचून हजारो लोकांनी पोराने कंपनीची तिजोरी फोडली, असा अर्थ काढला होता. अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्यात विधान खरे असणे हा संपूर्ण बचाव असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मात्र ते सार्वजनिक हितासाठी केलेले असणेही लागते, आणि स्वतःच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला वेगळा अपवाद आहे. जाहिरातदारांना पत्र पाठवून ‘यापुढे या कलाकाराशी आमचा संबंध नाही’ असे कळवणे त्या अपवादात बसले असते. लाखो प्रेक्षकांना कारणासह सांगणे बसते का, हाच आमचा मुद्दा होता. ‘कराराचा भंग’ हे शब्द मी सोडून द्यायचे ठरवले, कारण ते खरे होते. उरलेल्या दोन शब्दांवर कंपनीला पाठवायची आमची सगळी नोटीस उभी राहिली.

पण त्याआधी पुरावा. वडिलांच्या फोनवर निवेदनाचे चार फॉरवर्ड झालेले फोटो होते, आणि त्यांचा न्यायालयात काडीचाही उपयोग नव्हता. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, म्हणजे आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पुन्हा ठामपणे सांगितले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही (जणू फाइलचा बोटाचा ठसा, एक अक्षर बदलले तरी तो बदलतो) लिहावे लागते आणि तज्ज्ञाचा भाग वेगळा असतो. माझ्या ज्युनिअरने कंपनीचे पान मुळापासून उघडले, पत्ता आणि वेळ दिसेल असे पडद्याचे चित्रण केले, प्रतिक्रिया शेवटपर्यंत सरकवून जतन केल्या आणि हॅश काढून ठेवले. दुपारी अडीचला हे काम संपले. चार वाजता कंपनीने निवेदनातील एक स्वल्पविराम आणि एक विशेषण बदलले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

दुसरीकडे एकवीस पानांत आणखी तीन सापळे निघाले. करार संपल्यावर दोन वर्षे कोणत्याही माध्यमावर मनोरंजनाचे काम करायचे नाही, अशी एक अट होती. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. वडिलांना हे पटावे म्हणून मी २००६ चा निकाल सांगितला, ज्यात क्रिकेटपटू झहीर खानला जुन्या व्यवस्थापन कंपनीने मुदत संपल्यावरही बांधून ठेवू पाहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. “आपला श्रीरामपूरचा झहीर?” असे म्हणत ते त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले. भंग झाल्यास पंचवीस लाख रुपये देण्याचीही अट होती. कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाईच. तिसरी अट मात्र पक्की होती: आजीचे चित्र, तिचे नाव आणि प्रसिद्ध झालेले भाग कंपनीच्या मालकीचे होते, कारण चित्र कंपनीच्या कलाकाराने काढले होते आणि बाकीचे मुलाने सहीनिशी लिहून दिले होते. त्याच्या वहीतले चाळीस अप्रसिद्ध संवाद मात्र त्या हस्तांतरणात कुठेच नव्हते.

माझ्या ज्युनिअरने तेव्हा जपानचा दाखला दिला. तिथे रेखाटलेल्या रूपामागून काम करणाऱ्या कलाकारांचा मोठा उद्योग आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीकलर या कंपनीने अशाच एका कलाकाराशी करार संपवल्याचे कारणांसह जाहीर केले होते. कलाकारानेही मग आपली बाजू जाहीरपणे मांडली. अशा व्यवसायात करार संपतो तेव्हा माणसाचा चेहराच मालकाकडे राहतो. “तिथं कलाकार बोलला ना, मग मी काहून नाई?” हा मुलाचा प्रश्न रास्त होता.

त्याला मी कराराचे सोळावे पान दाखवले. गोपनीयतेचे कलम करार संपल्यानंतरही लागू राहणार होते. लाइव्हमध्ये त्याने वाट्याचे आकडे सांगितले असते, तर भंग. व्यवस्थापकाचे नाव घेऊन आरोप केला असता, तर अब्रुनुकसानीचा आरोपी तोच. आणि इतवारीच्या बारा हजारांबद्दल कोणी विचारले असते, तर हजारो साक्षीदारांसमोर कबुली. आमच्या नोटिशीतला कणा त्याने स्वतःच मोडला असता. त्याला हे कळत होते, पण वळत नव्हते. संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत तो माझ्यासमोर बसून होता, फोन उलटा करून. मी नोटिशीचा मसुदा लिहीत होते आणि दर दहा मिनिटांनी तो फोन टेबलावर थरथरत होता. नऊ वाजून गेल्यावर वडील म्हणाले, “चाल, जेवाले,” आणि दोघे उठले.

नोटीस दुसऱ्या दिवशी गेली. त्यात चार हजार आठशे रुपये भरण्याची तयारी आम्ही स्वतःहून लिहिली होती, आणि या एका ओळीमुळे समोरच्या वकिलांचा सूर बदलला, असे मला अजूनही वाटते. नवव्या दिवशी ते दोन शब्द निवेदनातून गेले. पुढे तडजोडीत एका महिन्याचा वाटा आणि थकलेले जाहिरातीचे पैसे मिळाले, दोन वर्षांची बंदी उठली, आजीचे चित्र कंपनीकडे राहिले.

अडले ते शेवटच्या पानावर. ‘सदर पात्राचा आवाज व बोलण्याची लकब’ कंपनीच्या मालकीची राहील, अशी एक ओळ मसुद्यात घुसवलेली होती. कंपनीकडे मुलाचे तासन्‌तास ध्वनिमुद्रण होते आणि यंत्राकडून तोच आवाज काढून घेणे आता अवघड राहिलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेला अंतरिम मनाई केली होती, तो आदेश मी सोबत ठेवला होता. तो उघडण्याची वेळ आली नाही. वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली आणि समोरच्या वकिलांना म्हणाले, “साहेब, हा आवाज त माह्या मायचा हाय. तो ह्यानं कसा लिहून द्यावा?” समोरच्या वकिलांनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले, पेन काढले आणि ती ओळ स्वतःच खोडली.