अंजिराच्या बागेतली धावपट्टी

जुलै २०१६ मधला एक आठवडा माझ्या लक्षात राहिला आहे तो विजेमुळे. १५ जुलैच्या रात्री तुर्कस्तानात लष्करातल्या एका गटाने सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला, तो काही तासांत फसला, आणि लगेच सरकारने देशाच्या दक्षिणेकडील इंजिर्लिक हवाई तळाचा बाहेरून येणारा वीजपुरवठा तोडून टाकला. त्या तळावर तेव्हा अमेरिकेची लढाऊ विमाने आणि हजाराहून अधिक सैनिक होते. सीरिया व इराकमध्ये इसिसविरुद्ध चाललेल्या हवाई मोहिमेचा तो एक मुख्य आधार होता. हवाई हद्द बंद केल्यामुळे उड्डाणे थांबली ती एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू झाली, वीज मात्र जवळजवळ आठवडाभर आली नाही. जगातले सर्वांत बलाढ्य हवाई दल मित्रराष्ट्राच्या भूमीवर जनरेटरच्या भरवशावर दिवस काढत होते, आणि शत्रूने त्यांच्यावर एक गोळीही झाडलेली नव्हती.

वीज का तोडली, हे कळले तेव्हा या तळाची खरी गुंतागुंत माझ्या ध्यानात आली. बंडखोर वैमानिकांच्या एफ-१६ विमानांना आकाशातच इंधन पुरवणारी टँकर विमाने त्या रात्री याच तळावरून उडाली होती. ती विमाने अमेरिकेची नव्हती. ती तुर्की हवाई दलाचीच होती आणि तळाच्या तुर्की प्रमुखालाच पुढे अटक झाली. म्हणजे यजमानाने दिवे मालवले ते आपल्याच घरातल्या माणसांमुळे, आणि अंधारात बसले पाहुणे.

वर्तमानपत्रे सर्रास ‘अमेरिकेचा इंजिर्लिक तळ’ असे लिहितात. माझ्या मते हा शब्दप्रयोग आळशीपणाचा आहे. जमीन तुर्कस्तानची आहे, तळाचा प्रमुख तुर्की अधिकारी असतो, आणि अमेरिकेच्या ३९व्या एअर बेस विंगचा प्रमुख फक्त अमेरिकी माणसांपुरता व सामग्रीपुरता प्रमुख असतो. उलट बाजूने, ‘यजमान देश बिचारा नावापुरता मालक असतो’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचेही मला पटत नाही. परक्या सैन्याला जागा देणाऱ्या देशाची सत्ता देण्यात दिसत नाही, ती रोखून धरण्यात दिसते. इंजिर्लिकचा सत्तर वर्षांचा इतिहास हा बहुतांशी अशा रोखून धरण्याचाच इतिहास आहे.

नावाविषयी थोडे. तुर्की भाषेत ‘इंजिर’ म्हणजे अंजीर. फारसीतून हा शब्द तिकडे गेला तसाच आपल्याकडेही आला, त्यामुळे मराठी वाचकाला त्याचा अर्थ सांगावाही लागू नये. त्याला ‘लिक’ हा प्रत्यय लागला की झाली अंजिराची बाग. रोमन लिपीतल्या ‘सी’चा उच्चार तुर्कीत ‘ज’ होतो, म्हणून कोणी ‘इन्सर्लिक’ म्हटले तर तो त्या बागेवर अन्याय आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात आज अदाना शहराची इमारतींची गर्दी पश्चिमेकडून तळाच्या कुंपणाच्या दिशेने सरकत आलेली दिसते, आणि कुंपणाच्या आत सुमारे ३ किलोमीटर लांबीची धावपट्टी व तिच्या कडेने विमाने झाकून ठेवण्याची काँक्रीटची बुटकी निवारागृहे.

अमेरिकी अभियंत्यांनी १९५१ मध्ये इथे बांधकाम सुरू केले, तेव्हा तुर्कस्तान नाटोचा सदस्यही नव्हता. ते सदस्यत्व फेब्रुवारी १९५२ मध्ये मिळाले. सोव्हिएत संघावर जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना अडीनडीला उतरता यावे, ही मूळ कल्पना. तळाच्या संयुक्त वापराचा करार डिसेंबर १९५४ मध्ये झाला. पुढे यू-२ टेहळणी विमाने इथे आली, आणि ती ‘हवामान संशोधना’साठी आहेत असे जगाला सांगण्यात आले. १ मे १९६० रोजी फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हा इथल्याच तुकडीतला वैमानिक पेशावरहून उडाला आणि सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्कजवळ त्याचे विमान पाडले गेले. तेव्हा नासाच्या नावाने निवेदन निघाले की, अदानाहून उडालेले संशोधन विमान तुर्कस्तानातल्या व्हान सरोवराच्या परिसरात बेपत्ता झाले असून वैमानिकाने प्राणवायूची अडचण कळवली होती. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी तो वैमानिक जिवंत असल्याचे जाहीर केले आणि ती थाप उघडी पडली. या प्रकरणात मला सरोवर महत्त्वाचे वाटते: पाहुण्याने आपली लबाडी लपवण्यासाठी यजमानाच्या भूगोलातली जागा परस्पर वापरून टाकली होती.

सायप्रसवर तुर्कस्तानने १९७४ मध्ये सैन्य उतरवले, त्यावर अमेरिकी काँग्रेसने फेब्रुवारी १९७५ पासून तुर्कस्तानला शस्त्रविक्री बंद केली, आणि तुर्कस्तानने त्याच जुलैमध्ये देशातल्या अमेरिकी लष्करी ठिकाणांचे काम थांबवून त्यांचा ताबा आपल्याकडे घेतला. इंजिर्लिकमध्ये नाटोचे म्हणून जे काम होते तेवढे चालू राहिले. १९७८ मध्ये शस्त्रबंदी उठली आणि २९ मार्च १९८० रोजी नवा संरक्षण सहकार्य करार झाला. पुढच्या सगळ्या घडामोडींची किल्ली या करारातल्या एका कलमात आहे: सहकार्याची व्याप्ती नाटो करारातून येणाऱ्या जबाबदाऱ्यांपुरतीच मर्यादित राहील, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे नाटोच्या बाहेरचे कोणतेही काम निघाले की अमेरिकेला तुर्की राजधानी अंकाराचे दार नव्याने ठोठवावे लागते. उत्तर इराकमधल्या कुर्दांच्या संरक्षणासाठी १९९१ नंतर इथून जी हवाई गस्त चालली, तिची मुदत तुर्की संसद दर सहा महिन्यांनी वाढवून देत असे, आणि दर सहा महिन्यांनी त्यावरून वादही होत असे.

रोखून धरण्याचा कळस झाला १ मार्च २००३ रोजी. इराकवर उत्तरेकडून चाल करता यावी म्हणून ६२,००० अमेरिकी सैनिकांना तुर्कस्तानात येऊ देण्याचा ठराव त्या दिवशी संसदेपुढे होता. सरकारी पक्षाकडे भक्कम बहुमत होते, अब्जावधी डॉलरच्या मदतीची बोलणी झालेली होती, आणि अवजड सामग्री भरलेली अमेरिकी जहाजे भूमध्य समुद्रात परवानगीची वाट पाहत उभी होती. ठरावाच्या बाजूने २६४ मते पडली, विरोधात २५०, आणि १९ सदस्य तटस्थ राहिले. वरवर पाहता ठराव मंजूर व्हायला हवा होता. पण तुर्कस्तानच्या राज्यघटनेनुसार हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. हजर होते ५३३, हवी होती २६७. तीन मते कमी पडली. जहाजे पुढे सुएझ कालव्यातून कुवेतकडे वळवावी लागली, आणि त्याच वर्षी इंजिर्लिकहून चालणारी उत्तर इराकवरची गस्तही संपली. तीन मतांनी एका महासत्तेच्या युद्धाचा नकाशा बदलल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

तळावर अमेरिकेचे बी-६१ अणुबॉम्ब ठेवलेले आहेत, असे अनेक वर्षे लिहिले जाते. अमेरिका आपल्या धोरणाप्रमाणे त्याला ना होकार देते ना नकार. २०१६ च्या त्या वीज नसलेल्या आठवड्यात हा प्रश्न जगभर पुन्हा विचारला गेला, हे साहजिकच होते.

जर्मनांची गोष्ट मात्र मला सर्वांत बोधक वाटते, कारण तिच्यात कोणतेही युद्ध अडलेले नव्हते. अडली होती ती एक भेट. इसिसविरुद्धच्या मोहिमेसाठी जर्मनीचे सुमारे २६० सैनिक, टॉर्नेडो टेहळणी विमाने आणि एक टँकर विमान इंजिर्लिकवर होते. जर्मनीत सैन्य परदेशी पाठवायचे तर संसदेची संमती लागते, आणि आपण पाठवलेले सैनिक कसे राहतात हे पाहायला जाणे खासदार आपला हक्क मानतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन तुर्की साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलींना ‘वंशसंहार’ म्हणणारा ठराव जर्मन संसदेने जून २०१६ मध्ये केला, त्यावर चिडून तुर्कस्तानने ही भेट नाकारली. आणि बंडात सामील असल्याचा आरोप असलेल्या काही तुर्की लष्करी अधिकाऱ्यांना जर्मनीने आश्रय दिल्यावर मे २०१७ मध्ये ती पुन्हा नाकारली. दोन्ही देश नाटोचे सदस्य, शत्रूही एकच. तरीही खासदारांच्या एका पाहणीवरून जर्मनीने २०१७ मध्ये आपला सगळा पसारा आवरला आणि जॉर्डनमधल्या अल-अझ्रक तळावर हलवला. तुर्की सरकारने ‘जा’ असे म्हटले नव्हते. फक्त फाटक उघडले नव्हते.

त्या फाटकासमोरच इंजिर्लिक गावातली एक गल्ली आहे. अमेरिकी लोक तिला नुसते ‘गल्ली’ म्हणत आले आहेत. गालिचे, पितळी भांडी, चामड्याचे कपडे यांची दुकाने तिथे तळाच्या आधाराने वाढली, पाट्या इंग्रजीत लागल्या, आणि दुकानदार सैनिकांच्या बायकामुलांशी त्यांच्याच भाषेत घासाघीस करायला शिकले. मार्च २०१६ मध्ये, बंडाच्या काही महिने आधी, सुरक्षेच्या कारणावरून अमेरिकेने आपल्या सैनिकांच्या कुटुंबांना तिथून परत बोलावले. गालिचा विकत घेतात ती कुटुंबे. एकटा सैनिक फार तर एखादी भेटवस्तू घेतो. धंदा बसला. परवानगी मागणारे वॉशिंग्टनमध्ये असतात आणि ती देणारे अंकारात. गल्लीतल्या गालिचेवाल्याला दोघांपैकी कोणीच काही विचारलेले नव्हते, आणि या वेळी तर फाटक यजमानाने बंद केले नव्हते, पाहुण्यानेच आतून ओढून घेतले होते.