टोरंट लावला की घरभर नेट लटकतं? स्पीड नंतर, आधी कनेक्शन मोजा

टोरंट सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी घरातलं नेट गळपटतं. राउटर बंद-चालू केला की ठणठणीत, तासाभराने पुन्हा तेच. अशा वेळी पहिला हात जातो तो डाउनलोडच्या स्पीड लिमिटवर. दुखणं सहसा तिथे नसतंच. राउटरला एका मोठ्या फाइलचा वेग जड जात नाही. त्याला जड जातात शेकडो छोटी कनेक्शन्स आणि काठोकाठ भरलेला अपलोड. ही दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी आपल्याकडे कोणतं आहे ते बघून घ्यावं.

त्यासाठी दोन कमांड विंडो उघडा. एकीत राउटरच्याच पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, सलग पिंग (उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते दाखवणारी कमांड) चालू ठेवा. दुसरीत बाहेरच्या पत्त्यावर, समजा १.१.१.१ वर. मग टोरंट सुरू करा.

बाहेरचा पिंग २० मिलिसेकंदांवरून ८०० किंवा १५०० वर गेला आणि राउटरचा मात्र १-२ वरच राहिला, तर अपलोड तुंबलाय. राउटरचाच पिंग उड्या मारू लागला तर वायफाय किंवा राउटरचा प्रोसेसर कमी पडतोय. केबल लावून पुन्हा बघा. तिसरा प्रकार फसवा असतो. दोन्ही पिंग शांत, चालू असलेला कॉलही नीट चालतो, पण नवीन वेबपेज काही केल्या उघडत नाही. हे राउटरचं टेबल, म्हणजे कनेक्शनच्या नोंदींची यादी, भरल्याचं लक्षण. जुन्या कनेक्शनची नोंद राउटरकडे असते म्हणून ती चालतात, नव्याला जागाच मिळत नाही. राउटरचा सिस्टम लॉग दिसत असेल तर तिथे ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ अशी ओळ सापडते.

आधी अपलोड

मोडेममध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेट्ससाठी बफर, म्हणजे थांबायची रांग, असते. समजा हा बफर २५६ किलोबाइटचा आहे आणि अपलोड १ एमबीपीएस. भरलेला बफर रिकामा व्हायला २ सेकंद लागतात. मग तुमची प्रत्येक क्लिक त्या रांगेत २ सेकंद उभी. डाउनलोडही मंदावतो, कारण आलेल्या डेटाच्या पोचपावत्या त्याच रांगेतून जातात. १०० एमबीपीएसने डाउनलोड होत असेल तर नुसत्या पोचपावत्यांनाच दीड-दोन एमबीपीएस अपलोड लागतो.

उपाय म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या अपलोडच्या ८० टक्क्यांवर लिमिट लावणं. प्लॅनमध्ये छापलेला आकडा घेऊ नका. टोरंट बंद ठेवून स्पीड टेस्ट करा. एककांची गफलत इथेच होते: टेस्ट मेगाबिट दाखवते, सॉफ्टवेअर किबीबाइट (१०२४ बाइट) मागतं. १० एमबीपीएस म्हणजे सुमारे १२२० किबीबाइट प्रति सेकंद, त्याचे ८० टक्के ९७५. बाहेरचा पिंग तरीही चढत असेल तर ७० टक्क्यांवर या. शून्य टाकलं की ‘बंद’ होतं असा अनेकांचा समज असतो. तिथे शून्य म्हणजे अमर्याद.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. अपलोड ५ किबीबाइटवर दाबला तर डाउनलोडही आटतो, कारण बिटटोरंटमध्ये समोरचे पीअर, म्हणजे तीच फाइल घेणारे-देणारे इतर संगणक, देणाऱ्यालाच आधी देतात.

क्यूबिटटोरंट या टोरंट सॉफ्टवेअरमध्ये हे ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘स्पीड’ इथे आहे. त्याच पानावर यूटीपीलाही (टोरंटची स्वतःची डेटा पाठवायची पद्धत) लिमिट लागू करण्याची खूण असते, ती राहू द्या. ट्रान्सपोर्ट ओव्हरहेडवर (डेटासोबत जाणाऱ्या वरखर्चाच्या बाइट्सवर) लिमिट लावायची खूण मुळात नसते. ती केली तर हिशेब जास्त अचूक होतो, पण अपलोड फार कमी असेल तर पोचपावत्यांचा अंदाजही त्याच कोट्यातून कापला जातो आणि डाउनलोडवर ब्रेक लागतो. अपलोड २ एमबीपीएसच्या खाली असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

अपलोड स्लॉट्सचं (एकाच वेळी किती जणांना द्यायचं) थोडक्यात: एका स्लॉटच्या वाट्याला निदान १०-१५ किबीबाइट यावेत. ९५ किबीबाइटच्या लिमिटवर २० स्लॉट ठेवले तर कोणालाच धड काही मिळत नाही. तिथे ६ ते ८ पुरेत.

मग कनेक्शन्स

राउटर नॅट करतो, म्हणजे घरातल्या प्रत्येक कनेक्शनची एक नोंद टेबलात ठेवतो. जुन्या किंवा साध्या राउटरमध्ये या टेबलाची कमाल मर्यादा १०२४, २०४८ किंवा ४०९६ अशी असते. क्यूबिटटोरंटची मूळ सेटिंग एकूण ५०० आणि एका टोरंटला १०० कनेक्शन्स. ५०० हा आकडा ४०९६ समोर किरकोळ वाटतो. मग टेबल भरतं कसं?

कारण ५०० हा सॉफ्टवेअरचा हिशेब आहे, राउटरचा नाही. पीअरच्या यादीतले बरेच पत्ते मेलेले असतात. सॉफ्टवेअर तिथे टीसीपीने (आधी जोडणी करून डेटा पाठवायची नेहमीची पद्धत) दार वाजवतं, १५ सेकंद वाट बघतं आणि नाद सोडून पुढच्याकडे वळतं. राउटरला मात्र तो नाद सोडलेला कळत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये उत्तर न आलेल्या अशा कनेक्शनची नोंद मूळ सेटिंगनुसार १२० सेकंद राहते. क्यूबिटटोरंट ज्या लिबटोरंटवर चालतं, ते सेकंदाला ३० पर्यंत नवी कनेक्शन्स करून बघतं. ३० गुणिले १२०, म्हणजे सर्वांत वाईट धरलं तर ३६०० नोंदी, त्याही नुसत्या मेलेल्या पत्त्यांच्या. खरी ५०० वेगळी. झालं ४०९६ चं टेबल गच्च.

म्हणून माझ्या मते सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये लपलेला आहे: ‘आउटगोइंग कनेक्शन्स पर सेकंद’. तो ३० वरून ५ वर आणा. नोंदींचा कमाल हिशेब ६०० वर येतो. टोरंटला वेग पकडायला मिनिटभर जास्त लागेल, एवढाच तोटा. पूर्वी विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये अर्धवट कनेक्शन्सवर १० ची मर्यादा होती आणि ती काढून टाकणारे पॅच लोक हौसेने लावायचे. कित्येक राउटर त्या मर्यादेमुळेच तगून होते.

आता एकूण कनेक्शन्स १५० ते २०० आणि टोरंटमागे ४० ते ५० करा. वेग कमी होईल ही भीती सोडा. ३०-४० चांगले पीअर कुठलीही घरगुती लाइन भरून टाकतात. ट्रान्समिशन या दुसऱ्या टोरंट सॉफ्टवेअरचे मूळ आकडेच २०० आणि ५० आहेत, त्यामुळे त्याचा त्रास कमी जाणवतो. त्याची सेटिंग फाइल हाताने बदलणार असाल तर डीमन (मागे चालणारा त्याचा प्रोग्राम) आधी थांबवा. चालू असताना बदललं तर बंद होताना तो आपले जुने आकडे त्याच फाइलवर लिहून मोकळा होतो.

एकाच वेळी चालणारे टोरंटही मोजा. क्यू चालू ठेवा: ३ डाउनलोड, ३ अपलोड, एकूण ५. ‘मंद टोरंट मोजू नका’ ही खूण मात्र काढा, नाहीतर अडकून पडलेले वीस टोरंट हिशेबाबाहेर राहून पीअर शोधत बसतात.

डीएचटी आणि यूटीपी

डीएचटी, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय पीअर शोधायची पद्धत, यूडीपीवर (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्यावर) चालतं आणि सतत अनोळखी पत्त्यांना छोटी पॅकेट्स पाठवतं. उत्तर न आलेली यूडीपी नोंद साधारण ३० सेकंदांत जाते, म्हणून वरच्या टीसीपी नोंदींइतकी ती चिवट नाही. टेबल १०२४ चं असेल तर डीएचटी बंद करून बघा. पण ट्रॅकर (पीअरची यादी देणारा सर्व्हर) नसलेली मॅग्नेट लिंक मग सुरूच होणार नाही. पीईएक्स (पीअरनी एकमेकांना यादी देणं) बंद करून फारसं काही साधत नाही, ते असलेल्या कनेक्शनवरूनच यादी पाठवतं.

यूटीपी बंद करा, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांकडे गेला की स्वतःहून मागे हटायचं, यासाठीच तर ते बनवलंय. ते बंद केलं की उरतं टीसीपी, आणि टीसीपी बफर भरून पॅकेट पडेपर्यंत हटत नाही. राउटरच्या ‘डॉस प्रोटेक्शन’ला यूडीपीची ही वर्दळ हल्ला वाटून तो पॅकेट्स फेकत असेल, तर त्याची यूडीपी मर्यादा वाढवा.

राउटरच्या बाजूने

ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटीसारख्या फर्मवेअरमध्ये (राउटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टेबलाची मर्यादा आणि टाइमआउट बदलता येतात. मूळ लिनक्समध्ये जुळलेल्या टीसीपी कनेक्शनचा टाइमआउट ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस असतो. टोरंट चालू असताना लॅपटॉप मिटला की ती सगळी अनाथ कनेक्शन्स पाच दिवस जागा अडवून बसू शकतात. ओपनडब्ल्यूआरटी हा आकडा ७४४० ठेवतं, म्हणजे २ तास ४ मिनिटं. तुम्हीही तेवढाच ठेवा.

एसक्यूएम (रांग आवरणारी राउटरची सोय) असेल तर त्यातला केक किंवा एफक्यू-कोडेल हा पर्याय लावा, अपलोडची रांग तेच आवरतील. एक मेख आहे: ते रांग इतकी आखूड ठेवतात की १०० मिलिसेकंदांचा उशीर कधी होतच नाही, आणि यूटीपीला हटायचं कारण उरत नाही. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं अपलोड लिमिट काढू नका. शिवाय हार्डवेअर ऑफलोड (पॅकेट्स प्रोसेसरऐवजी थेट चिपने पुढे पाठवणं) चालू असेल तर पॅकेट्स एसक्यूएमला वळसा घालून जातात. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

पोर्टसाठी, म्हणजे बाहेरचे पीअर ज्या क्रमांकावर दार वाजवतात त्यासाठी, एकच ठरावीक आकडा ठेवा. दर वेळी नवा पोर्ट घेण्याची खूण असेल तर काढा, कारण काही राउटर यूपीएनपीने (सॉफ्टवेअरला आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) उघडलेले जुने पोर्ट बंदच करत नाहीत. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात. तिथे पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका.

बदल एका वेळी एकच करा आणि प्रत्येक चाचणीआधी राउटर रिस्टार्ट करा, म्हणजे टेबल रिकामं होईल. टोरंट बंद केल्यावरही तासभर बाहेरचे पीअर तुमच्या पोर्टवर दार वाजवत राहतात, त्यामुळे लगेच घेतलेली चाचणी फसवते. तरीही शंका उरली तर संगणकावर व्हीपीएन लावून तेच टोरंट चालवा. सगळे पीअर एकाच बोगद्यातून जातात, राउटरच्या टेबलात एकच नोंद दिसते. नेट तेवढ्याने सुधारलं तर दोष टेबलाचा. पिंग तसाच चढला तर अपलोड लिमिट अजून खाली आणायचंय.