दोनशे रुपये कशाचे?

२०२१च्या पावसाळ्यात किनवटला आमच्या मेडिकलशेजारची खोली भाड्यानं घेतली आणि तिथं व्हिडिओवर डॉक्टर दाखवायचं केंद्र सुरू केलं. किनवटहून नांदेड म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सोबतीचं माणूस, जेवणखाण, दोघांची बुडालेली मजुरी धरली तर एका खेपेला हजार-बाराशे जातात. मला वाटलं, दोनशे रुपयांत घरापाशी डॉक्टर मिळाला तर लोक रांगा लावतील.

हिशेब असा होता: दोनशेतले डॉक्टरांचे १२०, व्हिडिओवर डॉक्टर जोडून देणाऱ्या कंपनीचे ४०, माझे ४०. सिस्टरचा पगार १२ हजार, भाडं ४ हजार, इंटरनेट हजार. म्हणजे नुसता खर्च निघायला महिन्याला ४२५ पेशंट पाहिजेत, रोजचे सोळा. यायचे पाच-सहा.

एका काकांनी मला सरळ विचारलं, "डॉक्टरनं हात तर लावला नाही, मग दोनशे कशाचे?" मला राग आला नाही. ते बरोबर बोलत होते. त्यात ई-संजीवनी ही सरकारची व्हिडिओवर डॉक्टर दाखवायची सेवा १३ एप्रिल २०२०पासून घरबसल्या फुकट, उपकेंद्रातही सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम तीच जोडून देतात. सर्दी-तापासाठी माझ्याकडे कोण पैसे मोजणार? आणि मोजूही नयेत.

चौदा महिन्यांनी कंपनीचं काम सोडलं.

मधल्या काळात तामिळनाडूतल्या अरविंद आय हॉस्पिटलच्या दृष्टिकेंद्रांबद्दल बरंच वाचलं. तिथं प्रशिक्षित ताई समोर बसून डोळे तपासते, फोटो पाठवते, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर पडद्यावर पेशंटशी बोलतात. तपासणीची फी अगदी थोडी, चष्मा तिथंच मिळतो आणि ऑपरेशन लागलं तरच माणूस शहरात जातो. तिथं नुसतं बोलणं विकत नाहीत, काम पुरं करून देतात. माझ्या केंद्रात नेमकं हेच राहिलं होतं.

मग शुगर आणि बीपीचे जुने पेशंट तेवढे धरले. यांचं निदान झालेलं असतं, नांदेडचे डॉक्टर त्यांना ओळखतात, तरी दर महिन्याला नुसती गोळी कमी-जास्त करायला एवढा प्रवास. आता महिन्याला ३५० रुपये. सिस्टर शुगर, बीपी, वजन बघते, पायाला जखम आहे का पाहते, मग त्यांच्याच डॉक्टरांशी बोलणं. डॉक्टरांना १५०, स्ट्रिप वगैरे ३०, केंद्राला १७०. शंभर पेशंटला खर्च निघायचा. सध्या ११२ आहेत. औषध माझ्याकडूनच घ्या अशी अट ठेवली नाही, तरी बहुतेक जण घेतात.

सगळ्यात जास्त भरवसा सिस्टरवर आहे. ती रजेवर असली की निम्मे पेशंट "उद्या येतो" म्हणून परत जातात. म्हणून या महिन्यापासून तिचा पगार १५ हजार केलाय. आता खर्च निघायला ११८ पेशंट लागतात, म्हणजे आणखी सहा जोडायचेत. बोधडी गावच्या बाजारच्या दिवशी ती आणि मी तिकडं जाऊन बसणार आहोत.