दोन ऑफर घेऊन आलेली ज्युनियर

मी इंग्लंडमध्ये ईएनटीची, म्हणजे कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. जानेवारीत पंधरा दिवस नागपूरला येऊन गेले. दुसऱ्याच रात्री साडेतीनला भावाच्या खोलीत अलार्म वाजला, त्याला पहाटेची ट्रेन पकडायची होती, आणि मी हॉस्पिटलचा फोन समजून ताडकन उठून बसले, चष्मा लावला आणि अंधारात पेन शोधायला लागले. आई पाणी प्यायला उठली होती, ती दारात उभी राहून बघत होती. "अगं, सुट्टीवर आहेस न तू?" एवढंच म्हणाली आणि लाइट बंद केला. सकाळी तिने तो विषय काढला नाही, पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजची एक ज्युनियर घरी आली, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. तीही ईएनटीवाली, इंग्लंडमधल्या दोन नोकऱ्यांच्या ऑफर हातात. एकीत पगार चांगला आणि मोठं शहर, दुसरीत पगार कमी आणि गाव असं की गुगल मॅपवर शोधावं लागलं. "मॅम, मला काही समजूनच नाही राहिलं, पगार बघू की शहर बघू?" मी म्हटलं आधी ऑन कॉल बघ, म्हणजे रात्री हॉस्पिटलने बोलावलं तर जायची पाळी किती वेळा येते ते. ती म्हणाली, बघितलं न, मोठ्या शहरात वन इन फाइव्ह आहे पण घरून, नॉन रेसिडेंट, मग काय टेन्शन आहे.

हेच मी सहा वर्षांपूर्वी म्हटलं होतं. माझी तिथली पहिली नोकरी वन इन फाइव्ह, म्हणजे दर पाचवी रात्र माझी, घरून. ऐकायला किती छान, आपल्या पलंगावर झोपायचं आणि फोन आला तरच उठायचं. पण एका रात्रीत दोन हॉस्पिटलं सांभाळायची होती हे मला जॉइन झाल्यावर कळलं. एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. दोन वाजता फोन, ऐंशीच्या घरातले आजोबा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, नाकातून रक्त थांबत नाही, तिथल्या ज्युनियर डॉक्टरने नाकात पॅक, म्हणजे रक्त दाबून धरणारा बोळा, घातला तरी पॅकच्या बाजूने घशात उतरतंय. पंचवीस मिनिटं गाडी चालवत गेले, पॅक काढला, सक्शन लावून रक्त येणारी जागा शोधली, कॉटरी केली, म्हणजे ती जागा जाळून बंद केली, आजोबांनी माझा हात धरून थँक्यू म्हटलं, सगळं नीट झालं. परत निघाले तेव्हा पावणेपाच झाले होते. आणि मोटरवेवर मी झोपले. रस्त्याच्या कडेला ती खडबडीत पट्टी असते, तिच्यावर टायर गेलं आणि त्या घरघर आवाजाने जाग आली. साडेआठला माझी ओपीडी होती आणि मी ती केली. कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

म्हणून त्या मुलीला मी वही काढायला लावली. समज वन इन एट आहे, दर आठवी रात्र, म्हणजे वर्षाला पंचेचाळीस-सेहेचाळीस ऑन कॉल. पण तुला 27 दिवस रजा आणि 8 बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, म्हणजे सात आठवडे तू नाहीस, आणि तू नसताना येणारे ऑन कॉल कोणी माफ करत नाही, ते उरलेल्या पंचेचाळीस आठवड्यांत अदलाबदल करून बसवावे लागतात. म्हणजे आठात एक प्रत्यक्षात सातात एक होतं. वर आठातल्या दोन जागा रिकाम्या असतील तर काय होतं ते तूच मांड. तिने मांडलं आणि गप्प बसली.

नियम तिथे आहेत, आणि चांगले आहेत. 2016 च्या कॉन्ट्रॅक्टप्रमाणे आठवड्याला सरासरी 48 तास, कुठल्याही सलग सात दिवसांत 72 च्या वर नाही, रात्रपाळ्या संपल्या की 46 तास सुट्टी, घरून ऑन कॉल असेल तर रात्री 10 ते सकाळी 7 मध्ये सलग 5 तास विश्रांती मिळेल असं धरलेलं असतं. थकून गाडी चालवणं जमणार नाही असं वाटलं तर हॉस्पिटलने झोपायची किंवा घरी सोडायची सोय करायची. पण हे ट्रेनिंगमधल्या रेसिडेंट डॉक्टरांचं कॉन्ट्रॅक्ट. आपल्याकडून जाणाऱ्या बऱ्याच जणांना पहिली नोकरी मिळते ती ट्रस्ट ग्रेड किंवा क्लिनिकल फेलोची, म्हणजे ट्रेनिंगबाहेरची, तिचं कॉन्ट्रॅक्ट ते हॉस्पिटल स्वतः ठरवतं. बरीच हॉस्पिटलं तेच नियम लावतात, पण लावतातच असं धरून चालू नका, लेखी विचारा.

आई तेवढ्यात चहा घेऊन आली आणि म्हणाली, तुम्ही तर रेसिडेन्सीत छत्तीस-छत्तीस तास करत होत्या, तेव्हा काही नाही म्हटलं. आपले सगळेच हे म्हणतात, मीही म्हणायचे. पण आपल्याकडेही 1992 च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत दिवसाला 12 तास आणि आठवड्याला 48 तासच लिहिलेत, छत्तीस तास कधी कोणी बरोबर म्हटलेलेच नाहीत, आपण फक्त सवय लावून घेतली. आणि तेव्हा मी सव्वीसची होते, हॉस्टेल समोर, बॅचमेट रात्री चहा घेऊन यायची. आता नवराही डॉक्टर आहे, मुलगा तीन वर्षांचा आहे, आणि दोघांचा ऑन कॉल एकाच रात्री आला की रात्री दोनला पोराला कोणाकडे ठेवायचं? नागपुरात आजी आहे, तिथे शेजारी आहेत ते हाय म्हणतात, चांगले आहेत, पण रात्री दोनला बेल वाजवता येत नाही. म्हणून आताची नोकरी घेताना मी पगार सर्वांत शेवटी विचारला. आधी विचारलं रोटा, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, किती आठवडे आधी हातात येतो, दुसऱ्या दिवशी सकाळी काम असतं का, आणि माझ्या वर रात्री कोण आहे, तो फोन उचलतो का, लागलं तर येतो का. हा शेवटचा प्रश्न एचआरला विचारून उपयोग नाही, सध्या त्या रोटावर काम करणाऱ्या रजिस्ट्रार डॉक्टरशीच बोलावं लागतं.

अजून एक गोष्ट कुठल्याच कागदावर नसते. तिथे रात्रीचे दोन म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात, आई-बाबा उठलेले असतात. ऑन कॉलच्या रात्री फोन वाजला की पहिला अर्धा सेकंद मला कळत नाही की हॉस्पिटल आहे की त्रिमूर्ती नगर, नागपूरचं घर. हॉस्पिटल निघालं की मला बरं वाटतं, आणि असं बरं वाटतं याचं वाईट वाटतं.

त्या मुलीने दोन्हीकडे मेल केला. छोट्या गावातून दुसऱ्या दिवशी पूर्ण रोटा आला, तिथल्या रजिस्ट्रारच्या नंबरसकट. मोठ्या शहरातून उत्तर आलं की हे सगळं जॉइन झाल्यावर बोलू. काल तिचा मेसेज आला, "मॅम, तिथे थंडीत बर्फ पडतो का हो?" मी विचारलं, कोणत्या गावाबद्दल? तर तिने त्या छोट्या गावाचं नाव टाकलं.